इरफानभाऊंचा जोडलेला आवाज

आमच्या धंद्याला दिग्रसमध्ये अलाउन्सिंग म्हणतात. ऑटोवर भोंगा बांधायचा, पेनड्राइव्ह लावायचा आणि गावभर सांगत फिरायचं: अमक्या दुकानात साड्यांचा सेल लागला आहे, तमक्या मंगल कार्यालयात डोळ्यांची तपासणी आहे, उद्या नळ येणार नाहीत. असा ऑटो घरावरून गेला की तुम्ही कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरता आणि वैतागून खिडकी लावून घेता. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. खिडकी लावणाऱ्यानं निरोप ऐकलेला असतो.

तो निरोप माझ्या घरातून निघत असे. मजकूर माझा, यंत्रावर बसणं माझं, पाटीही माझ्या नावाची. आवाज मात्र शेख इरफान यांचा. सगळं गाव त्यांना इरफानभाऊ म्हणायचं, मीही तेच म्हणायची. आम्ही दोघांनी मिळून हा धंदा जवळपास अख्खी उमर केला. त्यातल्या शेवटच्या काही वर्षांत जे झालं ते आजवर मी कुणाला नीट सांगितलेलं नाही. सांगितलं तर लोक म्हणतील, वसुधाताईंना एकटेपणी भास व्हायला लागले. तसं काही नाही. जे झालं ते भर दिवसा झालं आणि त्यातलं बहुतेक मी स्वतःच्या हातांनी केलं होतं.

आमच्या घरात कुणी कधी काही विकलेलं नव्हतं. वडील तहसीलमध्ये, सासरे कोर्टात, नवरा शाळेत लेखनिक. मी समोरच्या खोलीत ध्वनिमुद्रणाचा धंदा काढते म्हटल्यावर सासूबाईंना वाटलं, गाण्याचा क्लास असेल. मग भिंतींना गोधड्या ठोकल्या गेल्या आणि गोधड्या पुरेनात म्हणून अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवले, तेव्हा त्यांनी त्या खोलीत पाऊल टाकणं बंद केलं. ट्रे आणून दिले इरफानभाऊंनी. त्यांचा त्याच गल्लीत अँप्लिफायर दुरुस्तीचा ठेला होता. ते मुळात माझं जुनं यंत्र दुरुस्त करायला आले, दुरुस्त झालं का बघायला माइकसमोर ‘हॅलो, हॅलो’ म्हणाले, आणि बोलणारा माणूस शोधण्याचं माझं काम तिथंच संपलं. त्यांचा आवाज जाड नव्हता, गोडही नव्हता. तो शेजारच्या माणसासारखा होता आणि तरी चौकाच्या पलीकडे ऐकू जायचा.

बाहेरच्यांना वाटतं, यात काय आहे, माइकवर ओरडायचं. ओरडलं की भोंगा फाटतो आणि नुसता कल्ला ऐकू येतो. ऑटो एका घरावरून जायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात सगळं सांगून झालं पाहिजे. पहिलं वाक्य वाया घालवायचं असतं, कारण तेवढ्यात माणूस फक्त मान वर करतो. नाव दोनदा घ्यायचं, दुसऱ्यांदा सावकाश. भोंग्यात ‘सात’ आणि ‘आठ’ सारखेच वाजतात, म्हणून आम्ही ‘दिवेलागणीला सात वाजता’ असं लिहायचो. अशा बारीकसारीक गोष्टी शिकण्यात आमची पहिली काही वर्षं आणि बऱ्याच गिऱ्हाइकांची उद्घाटनं गेली.

मयतीची जाहिरात मात्र वेगळी. आमच्या भागात कुणी वारलं की तासाभरात ऑटो फिरतो: कळविण्यास अत्यंत दुःख होते की अमुक यांचे निधन झाले, अंत्ययात्रा राहत्या घरून अमुक वाजता निघेल. हे काम आलं की इरफानभाऊ आधी तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकून चूळ भरायचे. घरच्यांना विचारायचे, मोहल्ल्यात लोक त्यांना काय म्हणायचे. आणि मग उभं राहून बोलायचे. एरवी सगळं खुर्चीत बसून, मांडी हलवत. मयत मात्र उभ्यानं. नावाच्या आधी एक श्वास घ्यायचे आणि नाव अशा सुरात घ्यायचे, जो सूर मी दुसऱ्या कुठल्याच जाहिरातीत ऐकला नाही. तो दुःखाचा नव्हता. कुणाला तरी दारातून हाक मारावी आणि तो माणूस बाहेर येणार नाही हे आधीच ठाऊक असावं, असा होता.

एकदा कोर्टातून निवृत्त झालेले एक नाझरकाका इस्त्रीचा सदरा घालून आले. स्वतःच्या मयतीचा मजकूर त्यांनी स्वतःच तयार करून आणला होता. ‘वृद्धापकाळाने’ खोडून ‘अल्पशा आजाराने’ केलं होतं. म्हणाले, हे आत्ताच रेकॉर्ड करून ठेवा, मला ऐकायचं आहे. इरफानभाऊंनी हात जोडले. जित्या माणसाची मयत मी बोलत नाही, मजकूर ठेवून जा, वेळ आली की बोलीन, असं म्हणाले. काकांचा मुद्दा बिनतोड होता. तेव्हा मी ऐकायला नसणार, म्हणून तर आत्ता आलो. बराच वेळ ते हटेनात. शेवटी इरफानभाऊ उठून उभे राहिले, श्वास घेतला आणि नुसतं काकांचं नाव उच्चारलं, त्या सुरात. काकांचा चेहरा उतरला. ‘बस, बस,’ म्हणत ते चपला घालायला लागले आणि पुन्हा कधी आमच्या गल्लीतून गेले नाहीत. बाजारात जायचं तर मागच्या रस्त्यानं जायचे. आम्ही दोघं त्या दिवशी खूप हसलो. आता मला त्याचं हसू येत नाही.

इरफानभाऊंचा आवाज बसायला लागला तेव्हा आम्ही ज्येष्ठमध चघळत बसलो. मग यवतमाळ झालं, नागपूर झालं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. धंद्यात अडचणी मी पुष्कळ पाहिल्या होत्या. ऐन नवरात्रात यंत्र जळालं आहे, भर प्रचारात उमेदवारानं पक्ष बदलला आहे. पण दुकानातला माल एका माणसाच्या घशात आहे, हे मी कधी बसून विचारात घेतलं नव्हतं. मी घरी येऊन नवऱ्यापुढे रडले. दुसऱ्या दिवशी इरफानभाऊ नेहमीच्या वेळेला आले आणि म्हणाले, “ताई, रडून काय होते? आवाज जाऊन राह्यला ना, त्याच्या आत भरून घेऊ.”

आणि आम्ही भरायला लागलो. तारखा, वार, वेळा. दिग्रसचे मोहल्ले, मग आजूबाजूची गावं, थेट उमरखेड-मारेगावपर्यंत. ‘भव्य शुभारंभ’, ‘खास आकर्षण’, ‘सर्व नागरिकांना कळविण्यात येते’. प्रत्येक शब्द तीन सुरांत: वाक्याच्या सुरुवातीला येतो तसा, मधे येतो तसा, शेवटी येतो तसा. मग नावं. गावाच्या मतदारयादीतून निवडून मी माणसांची नावं आणि आडनावं अनुक्रमानं लावून दिली आणि ते वाचत गेले. अ-आ-इ-ईच्या नावांना आवाज चांगला मोकळा होता. जसजसं पुढे गेलो तसतसा तो झिजत गेला. ‘सुरेश’ आणि ‘हरीश’पर्यंत पोचलो तेव्हा नुसती खरखर उरली होती. पुढे पुष्कळ दिवस लोक विचारायचे, स-ह च्या नावांना भाऊ रडल्यासारखे काहून बोलतात.

एवढंच त्यांनी भरलं नाही: मयतीचं. मी एकदा विषय काढला. ते म्हणाले, “ते जोडून नाही चालत, ताई. त्याले माणूस लागते.”

शस्त्रक्रिया झाली. महिना-दोन महिन्यांनी ते परत आले ते गळ्यावर पांढरं फडकं बांधून. फडक्याखाली भोक होतं आणि श्वास तिथून चालत होता. मी जोडकामाला लागले. सुरुवातीच्या जाहिराती ऐकून मलाच शिसारी आली. शब्द सगळे बरोबर, आवाज त्यांचाच, पण बोलणारं कुणी नव्हतं. बरेच दिवस डोकं फोडल्यावर लक्षात आलं की शब्द कापताना मी श्वास फेकून देत होते. मग मी जुन्या रेकॉर्डिंगमधून त्यांचे श्वास वेचून काढले. लांब वाक्याच्या आधीचा, घाईतला, हसू दाबल्यावरचा, आणि मयतीच्या नावाआधीचा. ते दोन शब्दांच्या मधे बसवले आणि आवाज जिवंत झाला. त्या दिवशी मला फार आनंद झाला. मग माझं लक्ष बाहेर गेलं. इरफानभाऊ बाकावर बसले होते आणि फडकं हलत होतं. तोंडानं घेतलेला त्यांचा श्वास आता फक्त माझ्या कॉम्प्युटरमध्ये होता.

धंदा चालला, उलट वाढला. गावोगावचे भाजीवाले, भंगारवाले, बर्फाचे गोळेवाले येऊन आपली हाक भाऊंच्या आवाजात पेनड्राइव्हवर भरून नेऊ लागले. पण दुकानात एक विचित्रपणा शिरला. इरफानभाऊ रोज यायचे आणि समोर बसायचे. आत मी काम करत असले की त्यांचा आवाज बाहेर यायचा. एकदा एक बाई ब्युटी पार्लरची जाहिरात घ्यायला आल्या. समोर मिटल्या तोंडाचे इरफानभाऊ, आणि आतून इरफानभाऊ म्हणताहेत, खास महिलांसाठी. बाई त्यांच्याकडे बघत बघत पायरी उतरल्या आणि गेल्या त्या गेल्याच. त्यानंतर इरफानभाऊंनी ओठ हलवायला सुरुवात केली. आतून आवाज आला की ते बाहेर त्याच्याबरोबर ओठ हलवायचे, गिऱ्हाईक घाबरू नये म्हणून. मजकूर त्यांना ठाऊक नसायचा. तरी ओठ चुकायचे नाहीत. हे मला आजही समजलेलं नाही. मी दारामागे उभी राहून बघितलं आहे. कधीकधी ओठ शब्दाच्या किंचित आधी हलायचे.

आमचे ऑटोवाले राठोडभाऊ, ते तर म्हणायचे की मले भेव वाटते. त्यांचा ऑटो दारात उभा असला की इरफानभाऊ एक हात भोंग्यावर ठेवायचे आणि दुसरा गळ्याच्या फडक्याखाली. आत काही थरथरतं का ते बघत असावेत. सेल संपेपर्यंत, डोळ्यांची तपासणी संपेपर्यंत ते तसेच उभे. मग राठोडभाऊ ऑटो काढायचे आणि इरफानभाऊ रस्त्याच्या टोकापर्यंत बघत राहायचे.

पुढे मयतीचं काम टाळता येईना. शेजारचे एक गुरुजी वारले तेव्हा त्यांच्या मुलानं दारात बसून सांगितलं, दुसऱ्या आवाजात फिरवलं तर लोकांना बाबा गेल्यासारखं वाटणार नाही. मी इरफानभाऊंकडे बघितलं. त्यांनी होकाराची मान हलवली. जुन्या मयतींतून मी वाक्यं काढली, गुरुजींचं नाव बसवलं. ऐकायला म्हणून लावलं तर इरफानभाऊ आत आले. चूळ भरून आले होते. माइकसमोर उभे राहिले, फडक्यातून श्वास घेतला आणि ओठ हलवत पूर्ण जाहिरात बोलले. माइक बंद होता. तेव्हापासून तो रिवाज झाला. मी मयत जोडायची, त्यांनी उभ्यानं बोलायची, आणि मगच पेनड्राइव्ह बाहेर जायचा. त्याले माणूस लागते म्हणाले होते, ते त्यांनी असं पाळलं.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी इरफानभाऊ गेले. रोग परत आला होता हे घरच्यांना माहीत होतं. मला ठाऊक होतं पण मी मानत नव्हते. मी पोचले तेव्हा त्यांची बायको, नजमाभाभी, आतल्या खोलीत बायकांमध्ये बसली होती. मशिदीवरून खबर दिली जाणारच होती. पण गावातले दुकानदार, मंडळवाले, दूरच्या वस्त्यांतले लोक, ज्यांची लग्नं, उद्घाटनं आणि मयती या माणसानं सांगितल्या, त्यांना कोण सांगणार? माती तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजनंतर, म्हणजे हातात जेमतेम अर्धा दिवस. भाभी म्हणाली, “त्यांच्याच आवाजात सांगा, ताई. सगळ्या गावाचं त्यांनी सांगतलं. त्यांचं दुसऱ्या कोणी कायले सांगावं?” मग म्हणाली, लोक आले पाहिजेत. आवाज गेल्यापासून घरी कुणी येत नव्हतं. सगळ्यांना वाटायचं, बोलता येत नाही त्या माणसाजवळ बसून काय करायचं.

मी घरी येऊन यंत्र लावलं. वाक्यं तयारच होती. नाव तेवढं हवं होतं. ‘इरफान’ नावाची माणसं गावात पुष्कळ, त्यामुळे ते मतदारयादीत होतंच आणि भरलेलंही होतं. वाचन चाललं होतं तेव्हा मी बहुधा चहा ठेवायला आत गेले होते, कारण ते मी कधी नीट ऐकलेलं नव्हतं. आता लावलं. पहिला सूर, दुसरा सूर, तिसरा सूर. त्यानंतर पुढचं नाव यायला हवं होतं. त्याऐवजी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मग श्वास. आणि मग ‘इरफान’, चौथ्यांदा, त्या सुरात. पुन्हा खुर्चीचा आवाज, आणि मग यादीतलं पुढचं नाव.

ते उभे राहिले होते. मी आत चहा करत असताना, माझ्या खोलीत, उठून उभे राहून त्यांनी स्वतःचं नाव घेतलं होतं आणि परत बसून यादी पुढे वाचली होती. जित्या माणसाची मयत बोलत नाही म्हणणारा माणूस. मी हुंदका देऊन रडले नाही. मला भीती वाटली. मागं वळून बघावं असं वाटेना, कारण मागे ती खुर्ची होती.

तरी काम केलं. नाव बसवलं, श्वासाला हात लावला नाही, तो त्यांनीच जागेवर ठेवला होता. मग प्रश्न आला, उभं कोण राहणार. मी चूळ भरली, माइकसमोर उभी राहिले आणि पूर्ण जाहिरात होईपर्यंत ओठ हलवले. आवाज अगदी मोकळा होता, आजाराच्या आधीसारखा. इ-ईची नावं भरताना होता तसा. राठोडभाऊ दारात डोळे पुसत उभे होते. ते पेनड्राइव्ह घेऊन गेले.

पहिला फोन कापड बाजारातून आला. दुकानदार आमचं जुनं गिऱ्हाईक. म्हणाले, इरफानभाऊ बरे झाले म्हणा की, आवाज एकदम पहिल्यासारखा मोकळा आला. मी म्हटलं, अहो, ती मयतीची जाहिरात आहे. ते म्हणाले, हो का, कोणाची? त्यांनी आवाज ऐकला होता. शब्द ऐकलेच नव्हते. ओळखीच्या आवाजानं त्यांना एवढा आनंद झाला होता की नावापर्यंत ते पोचलेच नाहीत. मी सांगितलं तर हसले, म्हणाले, ताई, काहीतरी चुकलं तुमचं, आत्ता माझ्या दुकानावरून बोलत गेले ना.

फोन येत राहिले. कुणी अभिनंदन करत होतं. कुणी रागावून विचारत होतं, ही कसली चेष्टा. एका ओळखीच्या बाईंनी सांगितलं, आमच्या गल्लीत लोकांनी दारं लावून घेतली आणि एका आजीनं बाधा नको म्हणून ऑटोच्या मागे तांब्याभर पाणी ओतलं. दुपार कलली तरी नजमाभाभीच्या दारात जवळचे नातेवाईक आणि मोहल्ल्यातली माणसं सोडली तर कुणी नव्हतं. तेवढ्यात राठोडभाऊ ऑटो घेऊन परत आले आणि इंजिन बंद करून बसून राहिले.

“ताई, मले नाही होत,” ते म्हणाले. “लोक हासून राह्यले. एक जण म्हणे, मेलेला माणूस सोताच सांगत फिरते का? अन् खरं सांगू, मले बी वाटून राह्यलं का मागं तेच बसले हायेत.”

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी सगळ्यात चांगलं काम केलं होतं, आणि म्हणूनच ते फसलं होतं. आवाज चालू आहे म्हणजे माणूस आहे, असं अख्ख्या गावानं धरलं होतं. तो आवाज इतकी वर्षं इतका खरा ठेवला होता मी. आता त्याच आवाजामुळे त्यांच्या मातीला माणूस येणार नव्हता.

मी माइक घेतला, लांब वायर घेतली आणि ऑटोत मागे बसले. राठोडभाऊ म्हणाले, तुम्ही? आयुष्यभर मी गोधड्यांच्या खोलीत बसलेली बाई. माझा आवाज कोरडा, कार्यालयातून आल्यासारखा. इरफानभाऊ म्हणायचे, ताई तुमी बोलल्या तं लोक अर्ज घेऊन येतील. मी मजकूर लिहिला नाही. पहिलं वाक्य वाया घालवायचं हेही विसरले. ऑटो चौकात आला तेव्हा माइक चालू केला आणि म्हटलं,

“मी वसुधा बोलते. इरफानभाऊंसाठी मजकूर लिहिणारी. मघाशी तुम्ही ऐकलं ते मी जोडलं होतं. ते बोलत नव्हते. इरफानभाऊ आज सकाळी गेले. असरच्या नमाजनंतर माती आहे. या.”

तेवढंच पुन्हा पुन्हा म्हणत गेले. आवाज फाटत होता, भोंगा शिट्ट्या मारत होता. आमच्या धंद्याच्या हिशेबानं याहून वाईट जाहिरात दिग्रसमध्ये फिरली नसेल. पण कापड बाजारातलं पहिलं शटर खाली आलेलं मी पाहिलं. मग शेजारचं. तो मघाचा दुकानदार रस्त्यात उभा होता आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवले होते. लोकांनी आवाज ओळखला नाही, म्हणून त्यांना शब्द ऐकू आले.

जनाजा निघाला तेव्हा गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. मंडळवाले होते, कापसाचे जिनिंगवाले होते, ज्यांनी त्यांना कधी समोर बोलताना ऐकलं नव्हतं असे भाजीवाले आपापले गाडे लावून आले होते. खांदा बदलत बदलत जनाजा कब्रस्तानाकडे गेला. मी मोठ्या दरवाजाबाहेर लिंबाखाली ऑटोजवळ थांबले. आत सगळं शांत झालं होतं. राठोडभाऊंना मातीसाठी आत जायचं होतं, त्यांनी अँप्लिफायर बंद करायला हात घातला आणि घाईत चुकीचं बटण दाबलं. माझ्या डोक्यावरच्या भोंग्यातून एक श्वास आला. नुसता श्वास, नावाच्या आधीचा. राठोडभाऊंनी वायर उपटली. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

दुकान मी बंद केलं नाही. आता एक मुलगी बोलते, बरी बोलते. मयती ती उभ्यानं बोलते. मी तिला कारण सांगितलेलं नाही. इरफानभाऊंचे शब्द मी जोडत नाही. मधे एक उमेदवार मोबाइल घेऊन आले होते, यात भाऊंचा आवाज घातला की जे लिहू ते बोलतात म्हणाले, श्वाससुद्धा आपोआप पडतात. मी त्यांना चहा दिला आणि नाही म्हटलं. ते म्हणाले, तुम्हीही तेच करत होता ना. खरं होतं. नकार तरी मी तसाच ठेवला.

पण बाहेर गेलेले पेनड्राइव्ह मी परत कुठून आणू? या दिवाळीच्या आधी मी उमरखेडला भाचीकडे गेले होते. बसस्थानकातून बाहेर पडले तर कोपऱ्यावर कांद्याचा गाडा उभा होता, त्याला लहानसा भोंगा. आधी श्वास आला, हसू दाबल्यावरचा. तो मी बसवला होता, मला त्याची जागा ठाऊक होती. मग इरफानभाऊ म्हणाले, घ्या, ताजा कांदा, घरच्यासारखा कांदा. माझ्या हातात पिशव्या होत्या. मी त्या खाली ठेवल्या आणि सरळ उभी राहिले. ओठ आपोआप हलायला लागले.

गाडेवाल्याला वाटलं, बाई घासाघीस करायच्या विचारात आहे. त्यानं तराजू उचलला आणि विचारलं, “किती देऊ, ताई?”

मी म्हटलं, “थांबा जरा. त्यांचं बोलणं होऊ द्या.”